परक्या घरांच्या किल्ल्या

आमच्या कोळवण खोऱ्यात ज्याची जमीन होती त्याच्याकडे ती राहिली नाही, आणि ज्याची झाली तो इथं राहत नाही. या दोघांच्या मधे जी मोकळी जागा उरली, तिच्यात मी माझा संसार उभा केला. शहरातल्या लोकांची फार्महाऊसं सांभाळणं हा माझा धंदा. आता गुडघे बोलायला लागल्यामुळे फिरायचं काम मुलगा बघतो, पण किल्ल्यांची पाटी अजून माझ्याच खोलीत आहे. लाकडी फळी, तिच्यावर खिळे, प्रत्येक खिळ्याला एका बंगल्याच्या किल्ल्या. कुणी देव्हाऱ्याला हात लावला तर मी एकवेळ काही म्हणणार नाही, पण त्या पाटीला लावू देत नाही.

मी बी.कॉम. आहे. आमच्या घराण्यातला पहिला. हे मी सगळ्यांना सांगतो, विचारलं नाही तरी सांगतो. गावातले टगे म्हणायचे, "मोहन्या, बी.कॉम. होऊन लोकांच्या टाकीतलं बेडूक काढतुयास व्हय?" मी म्हणायचो, "काढतो. पण पावती देऊन काढतो."

ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांना वाटतं, बंद घराला काय सांभाळायचं? कुलूप लावलं की झालं. अहो, बंद घर राहत्या घरापेक्षा लवकर म्हातारं होतं. आमच्याकडच्या पावसात गाद्यांना बुरशी येते, दारं फुगून चौकटीत बसत नाहीत, पंपाच्या मोटारीत पाणी शिरतं, उंदीर वायरी खातात. म्हणून घराला माणूस आहे असं भासवावं लागतं. खिडक्या उघडायच्या, नळ थोडे वाहू द्यायचे, पंखे फिरवायचे, गाद्या उन्हाला टाकायच्या. पश्चिमेकडून झड येते, तिकडच्या भिंतीला बाहेरून गवताचा आडोसा बांधायचा. हे सगळं करायचं आणि तरीही एक गोष्ट पाळायची: मालकाच्या खुर्चीत बसायचं नाही. कामाला ठेवलेल्या प्रत्येक माणसाला मी हे पहिल्या दिवशी सांगायचो. दमलास तर पायरीवर बस, पण त्या खुर्चीत नाही. मालक नसताना घर आपलं वाटायला लागलं की घराचं काय होतं ते मी पाहिलेलं आहे. घर जसं हातात घेतलं तसं परत देता आलं पाहिजे. माझा धंदा एवढ्या एका वाक्यात संपतो.

गिऱ्हाइकं एकेक नमुना. एका मॅडमचा फोन आला, "मोहन, बेडूक फार ओरडतात, काहीतरी करा ना." मी म्हणालो, "मॅडम, ते तुमच्या आधीपासून राहतात." बावधनचे एक साहेब पावसाळ्यात फ्लॅटमधून फोन करायचे, "पाऊस आहे का?" आहे म्हटलं की, "जरा ऐकव." मग मी त्यांच्या पडवीच्या पत्र्याखाली फोन धरून उभा राहायचो आणि ते पलीकडून चहा पीत पाऊस ऐकायचे. मला हसू यायचं, पण कीवही यायची. एवढा बंगला बांधायचा आणि त्याचा पाऊस फोनवर ऐकायचा.

आणि एक होते बँकेतून निवृत्त झालेले साहेब. सज्जन माणूस. त्यांच्या बंगल्याशेजारी दोन सख्खे भाऊ बांधावरून भांडायचे. भांडण जुनं, त्यांच्या बापापासूनचं. रोजचा आरडाओरडा ऐकून साहेब मला म्हणाले, "मोहन, ही चांगली माणसं आहेत. कुणीतरी तिऱ्हाईतानं मधे पडलं की मिटेल." मी म्हणालो, "साहेब, नका." पण त्यांनी दोघांना बोलावून चहा पाजला आणि स्वतःच्या हातानं फक्कीची रेघ मारून बांध ठरवून दिला. त्या दिवशी दोघेही भाऊ त्यांच्या पाया पडले. साहेबांना केवढा आनंद झाला! पण महिना गेला नाही तोच थोरला म्हणायला लागला की साहेबानं धाकट्याचे आंबे खाल्ले. धाकटा म्हणायचा, साहेब थोरल्याला गाडीतून पौडला नेतो. साहेब इकडे समजूत घालायला गेले की तिकडचा चिडायचा. शेवटी दोघा भावांनी मिळून एका सकाळी साहेबांच्याच वाटेवर आडवा चर खणला. उभ्या जन्मात ते दोघं एकत्र आले ते तेवढ्या एका कामासाठी. साहेब गाडीसकट आत अडकले. मी जेसीबी आणून चर बुजवला तेव्हा बाहेर पडले.

ही गोष्ट मी खोऱ्यात शंभर जणांना सांगितली असेल. सगळे हसले. पण ती ऐकून हसता हसता एकदम थांबला असा माणूस एकच भेटला, आणि खरं म्हणजे मला त्याच्याबद्दलच लिहायचं आहे.

त्यांचं नाव सेल्वराजा. आम्ही राजाकाका म्हणायचो. सत्तरी ओलांडलेले, उंच, काळेसावळे, कपाळाला भस्माचं बोट. जावई हिंजवडीच्या आयटीत, त्याचं आमच्याकडे फार्महाऊस होतं. बायको वारल्यावर काका पुण्याचा फ्लॅट सोडून त्या फार्महाऊसमध्येच राहायला आले. माझ्या पाटीवरचं हे एकच घर असं की ज्यात बाराही महिने माणूस होता. त्यामुळे तिथलं काम फारसं नसायचं, मोटार आणि सोलर तेवढं बघायचो. पण मी मुद्दाम जायचो, कारण काका पितळी पेल्यात कॉफी द्यायचे आणि ती प्यायला मला खुर्चीत बसवायचे. "मालक समोर आहे, आता बसा मोहनराव," म्हणायचे. मराठी ते पुण्यात एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरी करताना शिकले होते. "शिव्या आधी शिकलो, व्याकरण नंतर," असं सांगायचे. बोलणं मात्र नीटनेटकं. आम्ही सगळे त्यांना मद्रासकडचे समजत होतो आणि त्यांनी कधी दुरुस्त केलं नव्हतं.

त्या बँकवाल्या साहेबांची गोष्ट मी त्यांना मोटार उघडता उघडता सांगितली. चर खणल्यापर्यंत आलो तेव्हा ते डोळे पुसत हसत होते. मग थांबले आणि म्हणाले, "साहेबांकडे फौज नव्हती हे त्यांचं नशीब, मोहनराव. फौज असती तर ते चर बुजवायला गेले असते. मग दुसऱ्या दिवशी आणखी एक चर."

मला कळलं नाही. म्हणालो, "म्हंजे काय, काका?"

"आमच्याकडे असं झालं."

"तुमच्याकडे म्हंजे मद्रासला?"

ते माझ्याकडे वळले. मग हळूच म्हणाले, "तुमच्या शाळेच्या कमानीवर शेवटच्या ओळीत जे गाव लिहिलंय ना, मी तिथला आहे."

माझ्या हातात पान्हा तसाच राहिला.

ती कमान माझ्या थोरल्या भावाची आहे. दत्तात्रय, आमचा दत्तादादा. मी पुण्यात कॉलेजला होतो आणि दादा फौजेत. शांततेसाठी म्हणून आपली फौज श्रीलंकेत गेली, तिच्यात तो गेला आणि दिवाळीच्या तोंडावर जाफन्यात पडला. तिकडेच त्याला अग्नी दिला. आम्हाला अस्थी आल्या. पुढे गावानं वर्गणी काढून शाळेला कमान बांधली. तिच्यावर दादाचं नाव, खाली "शेजारधर्मासाठी प्राण दिले", आणि त्याखाली जाफना. दरवर्षी त्या दिवशी तिथं झेंडा लागतो, पोरं गाणं म्हणतात, आणि भाषण मी करतो. घरातला शिकलेला मीच. आणि मी शिकलो तो दादाच्या मनिऑर्डरींवर. माझ्या खोलीचं भाडं, फी, पुस्तकं, सगळं तो पाठवायचा. कुपनावर एवढंच लिहायचा, "नापास होऊ नको, इकडं लई ऊन आहे." भाषणात मी हे कधी बोललो नाही. भाषणात मी म्हणायचो, शेजाऱ्यानं हाक मारली आणि माझा भाऊ धावून गेला.

आणि आता तो शेजारी माझ्यासमोर कॉफीचा पेला घेऊन बसला होता. खरं सांगतो, माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती अशी की आता हा माणूस उठून माझ्या भावाबद्दल दोन शब्द चांगले बोलेल. ते काही बोलले नाहीत. कमान त्यांनी पहिल्याच आठवड्यात वाचली होती. एवढ्या दिवसांत एक अक्षर काढलं नव्हतं.

त्यानंतर मी जायचो तेव्हा तोच विषय निघायचा. कधी मी काढायचो, कधी ते. त्यांचं म्हणणं जसं समजलं तसं लिहितो.

"आम्ही तुम्हाला बोलावलं होतं, हे आधी लिहा," असंच ते आज म्हणाले असते. तिकडचं सरकार आणि बंदुका घेतलेली यांची तमिळ पोरं यांच्यात लढाई पेटलेली. अन्नाची टंचाई. तेव्हा आपल्या विमानांनी वरून धान्य टाकलं. "माझी आई अंगणात उभी राहून विमानाला हात जोडत होती. आणि फौज आली त्या दिवशी आम्ही रस्त्यावर हार घेऊन उभे होतो. माझ्या बायकोनं दारात रांगोळी काढली. आम्हाला वाटलं, आता आपलं कुणीतरी आलं."

"मग?"

"मग काय! तुमचे साहेब. फक्कीची रेघ. दोघांच्या मधे उभे राहायला आले आणि थोड्याच दिवसांत त्यातल्या एकाशी लढायला लागले. आमची पोरंही काही संत नव्हती, मोहनराव. त्यांना नको म्हणणाऱ्याला तीही जिवंत सोडत नव्हती. मला दोघांचीही भीती वाटायची. पण पोराची भीती वाटली तर त्याच्या बापाकडे जाता यायचं. जवानाचा बाप कुठे शोधू? तो माझ्याशी हिंदी बोलायचा, मला यायची नाही. मी इंग्रजी बोलायचो, त्याला यायची नाही. मग तो तेच हिंदी मोठ्यानं बोलायचा."

मी हसलो नाही. म्हणालो, "काका, आमची माणसं मेली तितं. सुखासुखी आलती का ती?"

"सुखासुखी कुणीच आलं नव्हतं. तेच तर म्हणतोय."

"मग तुमचं म्हणणं काय, यायलाच नको हुतं?"

"यायला नको होतं," ते म्हणाले. "आणि आले होते तर तसं जायला नको होतं. तुम्ही म्हणाल, दोन्ही कसं? दोन्ही. शेवटी तिकडचं सरकार म्हणालं जा, पोरंही म्हणाली जा. बघा, चर खणायला दोघं भाऊ एक झाले. फौज गेली. ज्यांनी तुमच्यावर विश्वास टाकून तुम्हाला मदत केली होती, ते मागे उघडे राहिले. त्यांचं काय झालं ते विचारू नका. आणि त्यानंतर जी लढाई झाली ती आधीपेक्षा वाईट. मी होडीत बसलो ते त्या वेळी."

मी रागावून उठलो. म्हणालो, "आलं तरी आमचं चुकलं, गेलं तरी आमचंच चुकलं."

"तुमचं म्हणजे कुणाचं?" काका म्हणाले. "तुमच्या भावाचं नाही. त्याला कुणी विचारलं होतं?"

महिनाभर मी तिकडे गेलो नाही. मोटार बघायला मुलाला पाठवलं. मला काय बोचत होतं ते स्पष्ट सांगतो. दादाचं जाणं जर अशानं फुकट ठरत असेल, तर त्याच्या पगारावर घेतलेली माझी बी.कॉम. कशात मोजायची? इतकी वर्षं मी छाती पुढे काढून भाषण करत होतो, ते कुणाला सांगत होतो? लोकांना की स्वतःला?

जेवताना एकदा तोंडून निघून गेलं की राजाकाका दादा गेला त्या मुलखातले आहेत. माझी आई ताटावरून उठली नाही, पण तिचा घास थांबला. आई आता ऐंशीला टेकली आहे. शेतात राबून वाकलेली, ऐकायला कमी येतं, पण बोलणं कोयत्यासारखं. म्हणाली, "मला न्यायचं त्येच्याकडं."

"कशाला आये? काय इचारणार हायेस?"

"ते मी बघंन. तू मोटार बघ."

मी धास्तावलो. दुसऱ्या दिवशी राजाकाकांकडे गेलो, महिन्यानंतर. त्यांनी काहीच झालं नसल्यासारखा पेला पुढे केला. मी म्हणालो, "काका, आई यायची म्हणतीय. एक करा. तिला सांगा की तुमच्या लोकांना बरं वाटलं हुतं. हार घातले तेवढं सांगा. पुढचं राहू द्या. म्हातारं माणूस हाय."

काकांनी मान हलवली. "हार घातले ते खरं आहे, सांगेन. पण त्या पुढचं विचारलं तर ते पण सांगेन. अर्धं सांगायचं असेल तर आईंना आणू नका."

"मग नाही आणत," मी म्हणालो.

आईला येऊन सांगितलं, काका गावाला गेलेत. ती म्हणाली, "लबाड बोलतुयास. कॉफीचा वास येतुया तोंडाला. तू न्हाई न्हेलंस तर मी जीपला हात करीन." आणि तिनं तो केलाही असता. जीपवाले सगळे तिला आत्या म्हणतात. शेवटी सोलरच्या कामाच्या दिवशी मी तिला गाडीवर मागे बसवून घेऊन गेलो.

काकांनी तिला पडवीत खुर्ची दिली. ती खुर्चीत बसली नाही, पायरीवर बसली. मग काकाही तिच्या शेजारी पायरीवर बसले. मी सोलरच्या पाईपपाशी उभा राहिलो, हातात काम नसताना.

आईनं नमस्कार-चमत्कार काही केला नाही. म्हणाली, "आमची पोरं तुमच्याकडं आली, ती तुमी बोलावल्याली का?"

"होय, आई. हार घातले आम्ही."

"मग पुढं?"

काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. आणि सगळं सांगितलं. मला सांगितलं होतं तसंच, पण सावकाश, एकेक वाक्य, आईला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.  शेवटी ते म्हणाले, "माझ्या घराला वर गच्ची होती, म्हणून फौजेनं घर मागितलं. आम्ही भावाकडे राहायला गेलो. गच्चीवर जे जवान होते त्यांच्यातले काही तुमच्या बाजूचे असावेत. ते एकमेकांना 'चल लवकर, चल लवकर' म्हणायचे. ते मराठी आहे, हे मला इथं पुण्यात येऊन कळलं. एक मुलगा होता. आमच्या विहिरीवर डोक्यावरून पाणी ओतून घ्यायचा आणि ओरडायचा."

आई पुढे सरकली. "कसा हुता दिसायला? नाकापाशी मस हुता का?"

"आठवत नाही, आई."

"दत्ताच आसंल. त्यो असाच वराडायचा पानी घेताना. हिरीवर दंगा करायचा नुसता."

"तुमचा दत्ता होता की नाही, मला माहीत नाही."

"असंल म्हणलास तर तुझं काय जातंय?"

"माझं काही जात नाही," काका म्हणाले. "तुमचं जाईल. आज मी हो म्हणेन, तुम्हाला बरं वाटेल. मग रात्री तुम्हाला प्रश्न पडेल की याच्या घराचं पुढं काय झालं, आणि तेव्हा माझा दत्ता काय करत होता."

आई पुन्हा मागे सरकली. मग म्हणाली, "म्हंजी माझा पोरगा फुकट गेला."

मी पुढे झालो. तिनं हात करून मला थांबवलं.

काका तिच्याजवळ वाकले. मग म्हणाले, "त्याला पाठवायला नको होतं, आई. त्याचा दोष नाही. पाठवणाऱ्यांना आमच्या गावात शिरायची वाट माहीत होती, निघायची माहीत नव्हती."

"आन् तुझं घर?"

काका उठून आत गेले आणि एक किल्ली घेऊन आले. लांब दांड्याची, लोखंडी, जुन्या वाणाची. "फौज जाताना एक अधिकारी भावाच्या घरी आला. भला माणूस. त्यानं ही किल्ली माझ्या हातात दिली आणि सॅल्यूट केला. मी घरी गेलो. कुलूप लावायला दारच नव्हतं. दारं, खिडक्या, चौकटी, काही नाही. कुणी नेली सांगता येत नाही. बंकरला लागली असतील, आमच्या पोरांनी नेली असतील, नाहीतर शेजाऱ्यांनी चुलीला घातली असतील. त्या साहेबांनाही माहीत नसावं. त्यांनी किल्ली सांभाळली होती."

आईनं किल्ली हातात घेतली. उलटीपालटी केली. "दार न्हाई तर ही कशाला ठिवलीस एवढी वर्सं?"

"त्यांनी हातात दिली म्हणून."

आईनं मान हलवली. "मला बी असंच दिलं," ती म्हणाली. "मडकं दिलं तांबड्या फडक्यात बांधल्यालं. सॅलूट केला. पोरगा न्हाई दिला."

 मी पाईपला उगाच हात लावून पाहिला. तो तापला होता.

परत येताना गाडीवर आईचा हात माझ्या खांद्यावर होता. मला वाटलं ती रडत असेल. कोळवणच्या अलीकडे तिनं गाडी थांबवायला लावली. म्हणाली, "मोहन, लई बरं केलंस मला आणलंस. एवढ्या वर्सांत जवाब दिला त्यो ह्यानंच. बाकी समदी हार देत्यात."

त्या वर्षी कमानीपाशी नेहमीसारखा झेंडा लागला. पोरांनी गाणं म्हटलं. आई पुढच्या रांगेत खुर्चीवर. मी माइकपाशी उभा राहिलो आणि माझं पाठ वाक्य सोडून दिलं. मी दादाचं नाव घेतलं, गाव सांगितलं, आणि म्हणालो, "यानं मला शिकवलं. इकडं लई ऊन आहे असं तो कुपनावर लिहायचा. आम्ही त्याला परत ये असं कधी लिहिलं नाही. आमच्या हातात नव्हतं." आणि खाली उतरलो. सरपंच कानाशी येऊन म्हणाला, "भाऊ, आज लई थोडक्यात?" मी म्हणालो, "घसा बसलाय." रस्त्याच्या पलीकडे एसटीच्या थांब्यापाशी राजाकाका उभे होते. ते कमानीखाली आले नाहीत, आणि कार्यक्रम संपेपर्यंत तिथून हललेही नाहीत.

पुढे त्यांच्या जावयाला कॅनडात नोकरी लागली. फार्महाऊस विकायला निघालं. काकांना तिकडे जायचं नव्हतं. "एक देश सोडला, दुसऱ्यात इतकी वर्षं राहून कागदावर परदेशीच राहिलो, आता तिसरा," म्हणायचे. पण एकट्याला ठेवणार कोण? मी म्हणालो होतो, आमच्या पडवीत राहा. ते हसले. आम्हा दोघांनाही माहीत होतं की मी मनापासून म्हणालो आणि तसं होणार नाही.

निघायच्या आदल्या दिवशी ते आमच्या घरी आले. बंगल्याच्या किल्ल्यांचा जुडगा माझ्याकडे दिला, नव्या मालकाला द्यायला. आणि ती लोखंडी किल्ली आईच्या हातात ठेवली. "विमानात जड होते," म्हणाले. आईनं ती मुठीत घेतली. ते गेल्यावर मी म्हणालो, "आये, दादाच्या फोटोपाशी ठेवायची का?"

"फोटोपाशी कशाला? ती काय देवाची हाय? घराची हाय," ती म्हणाली. "तुज्या पाटीवर लाव. घरांच्या किल्ल्या तितंच ऱ्हात्यात."

मी पाटीवर शेवटचा खिळा ठोकला आणि लावली.

काकांचे सुरुवातीला फोन यायचे. आईचं ऐकणं गेल्यामुळे मी मधे उभा राहून इकडचं तिकडे सांगायचो. आता बऱ्याच दिवसांत आलेला नाही. मीही केलेला नाही. लागला नाही तर काय समजायचं, याची भीती वाटते.

परवा एक नवीन गिऱ्हाईक आलं. बावधनचा तरुण माणूस, कासारसाईच्या बाजूला जागा बघून शेवटी आमच्याकडे बंगला घेतलेला. सगळं विचारून घेतलं, कुणाकुणाची घरं बघता, किती वर्षं झाली. बोलता बोलता पाटीपाशी गेला आणि त्याला ती किल्ली दिसली.

"वा, अँटिक आहे. ही कुठल्या बंगल्याची?"

"ते घर आम्ही सांभाळायला घेतलं होतं," मी म्हणालो. "आम्हाला जमलं नाही."

तो पाटीपासून मागे सरला. मला वाटलं, आता हा जाईल. पण तो म्हणाला, "निदान खरं तरी सांगता." आणि खिशातून आपल्या बंगल्याच्या किल्ल्या काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवल्या.

मी त्या लगेच उचलल्या नाहीत.